करपा, बोकड्या, व्हायरस

आमच्या भागात टोमॅटोच्या झाडाला काय झालंय हे सांगायला पाच-सहा शब्द पुरतात. पान भाजल्यासारखं वाळलं की करपा. शेंडा गोळा झाला, पानं वाटीसारखी वळली की बोकड्या. पांढरी पिठी चढली की भुरी. पानावर वेड्यावाकड्या पांढऱ्या रेघा उमटल्या की नागअळी. आणि यातलं काहीच नीट बसत नसलं की व्हायरस. हा शेवटचा शब्द माझ्या लहानपणी शेतात नव्हता, तो कॉम्प्युटरला व्हायचा. आता बांधावरच्या गप्पांत तो इतका सहज येतो की एखाद्याचा ठिबकचा ड्रीपर तुंबून झाड सुकलं तरी पहिला शब्द ‘व्हायरस आला’ हाच निघतो.

आमचा भाग म्हणजे जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांची शीव. टोमॅटो विकायला नारायणगाव, कांदा-बटाट्याला मंचर, मधून पुणे-नाशिक रस्ता. कुकडीचं पाणी आल्यापासून इथे बारमाही काही ना काही उभं असतं. माझं इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली, तरी घरचं शेत चुलते बघतात. त्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो. तात्यांचं आयुष्य टोमॅटोच्या क्रेटमध्ये मोजता येतं. २०२३ च्या जुलैत नारायणगावात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढे भाव गेला तेव्हा देशभरच्या कॅमेऱ्यांना आमचा बाजार सापडला. त्याआधी आणि त्यानंतर रस्त्याच्या कडेला ओतून दिलेला लाल चिखल मात्र आम्हाला दरवर्षी सापडतो.

करपा या शब्दाबद्दल थोडं सांगायला हवं. टोमॅटोवर लवकर येणारा करपा वेगळा आणि उशिरा येणारा वेगळा. पहिला अल्टरनेरिया नावाच्या बुरशीमुळे होतो. त्याचा ठिपका नीट पाहिला तर आत एकात एक वर्तुळं दिसतात, नेमबाजीच्या फळ्यासारखी. दुसरा ज्याच्यामुळे होतो त्याला आपण बुरशी म्हणतो खरं, पण जीवशास्त्राच्या हिशेबात तो बुरशी नव्हेच, समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचा कुणी आहे. एकावर चालणारं औषध दुसऱ्यावर चालेलच असं नाही. कांद्यावरचा करपा पुन्हा तिसराच. म्हणजे शब्द एक, आजार तीन-चार. शब्दाचा त्यात दोष नाही. तो दिसतं ते सांगतो, आणि दिसणं खरंच सारखं असतं. माझ्या कामात ग्राहकाचं तिकीट येतं, ‘ॲप हँग होतंय’. तेही खरंच असतं. पण त्या तीन शब्दांमागे नेटवर्क असेल, डेटाबेस असेल, किंवा त्याच्या फोनची मेमरी भरलेली असेल. ‘हँग होतंय’ एवढं ऐकून कुणी थेट कोड बदलायला घेतला तर त्याला आमच्या टीममध्ये चहा पाजून बाजूला बसवतात.

शेतात मात्र तसंच चालतं. पान खुडायचं, खिशात घालायचं, संध्याकाळी कृषी सेवा केंद्रावर जायचं. तोवर पान मलूल झालेलं असतं. दुकानदार काउंटरवरूनच बघतो, बोटाने एकदा उलटं करतो आणि चिठ्ठी लिहितो. एक कीटकनाशक, एक बुरशीनाशक, वर एक टॉनिक. तिन्ही एकाच टाकीत. यातलं काहीतरी लागू पडतंच. पडलं की औषध चांगलं, नाही पडलं की पुढच्या वेळी ‘जरा भारीतलं’. एका वेळी तीन गोष्टी बदलल्यावर कशाने काय झालं हे देवालाही सांगता येणार नाही. मला याचा पूर्वी फार राग यायचा. पण एकदा मार्चमध्ये तात्यांबरोबर त्या दुकानात तासभर बसलो. तेवढ्यात चाळीसेक माणसं आली. प्रत्येकाच्या हातात एक पान. निम्म्यांची मागची उधारी वहीत. पीक निघाल्यावर पैसे, नाही निघालं तर पुढच्या पिकाला. त्या माणसाने भिंग काढून प्रत्येक पान निरखावं अशी अपेक्षा करणारा मी, आणि माझ्याकडे दुसऱ्या दिवशी पुण्याला जायची शिवनेरी. तो डॉक्टर, तोच औषधवाला आणि तोच सावकार. या तिन्ही भूमिकांत बसेल असंच निदान तो करतो.

नागअळीचं उदाहरण बघा, कारण तिच्यावर आमच्याकडे खूप पैसा गेला आहे. २०१४ च्या ऑक्टोबरच्या सुमारास पुणे परिसरातल्या टोमॅटोवर टूटा ॲब्सोल्यूटा या किडीची नोंद झाली, भारतातल्या अगदी पहिल्या नोंदींपैकी ती एक. मूळची ही दक्षिण अमेरिकेची. २००६ मध्ये ती स्पेनमध्ये उतरली आणि तिथून आठ वर्षांत आमच्या रानापर्यंत पोचली. पतंग राखाडी, पाच-सात मिलिमीटरचा, उडाला तर धुळीचा कण वाटावा असा. अळी पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये शिरून मधला हिरवा गर खाते. आता आपली जुनी नागअळीही नेमकं हेच करते. त्यामुळे पहिली एक-दोन वर्षं सगळे म्हणत होते, यंदा नागअळी फार आहे, आणि नागअळीचंच औषध मारत होते.

फरक ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पान खुडून उन्हाकडे धरायचं. नागअळीची रेघ दोऱ्यासारखी, वळणावळणाने जाते, हळूहळू रुंद होते. नाव त्यावरूनच पडलं. टूटाचा पट्टा पसरट असतो, डागासारखा. त्यातून खिडकीतून दिसावा तसा उजेड आरपार दिसतो, आणि एका कोपऱ्यात काळी विष्ठा साचलेली असते. भिंग असेल तर अजून सोपं. नागअळी ही माशीची अळी, तिला पाय नाहीत. टूटाची अळी पतंगाची, तिला पाय आहेत, डोकं गडद आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नागअळी पानांवर थांबते. टूटा देठाजवळून फळात शिरते, आणि टाचणीच्या टोकाएवढ्या भोकामुळे अख्खं फळ क्रेटमधून बाहेर जातं.

हे कळणं पैशाचं आहे. नागअळीने खालची जुनी पानं थोडी खाल्ली तरी झाड सहन करतं. तिच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या असतात, त्या तिला आवरतात. जहाल औषध मारलं की आधी त्या मरतात आणि नागअळी वाढते. म्हणजे औषध मारून कीड वाढवायची. टूटाच्या बाबतीत मात्र गाफील राहिलं तर तोडाच हातचा जातो. आणि कामगंध सापळा लावायचा तर त्यातली गोळी टूटाचीच लागते. फळ पोखरणाऱ्या दुसऱ्या अळीची गोळी लावून ‘सापळ्यात काही येत नाही, म्हणजे कीड नाही’ असं समाधान करून घेणारे लोक आमच्या शिवारात होते. सापळा बरोबर काम करत होता. त्याला प्रश्नच दुसरा विचारलेला होता.

माझा एक आतेभाऊ अमेरिकेत टेक्सासला असतो. त्याच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याचं दोनशे लिटरचं टाकं आहे, जिवंत प्रवाळाचं. (आपल्याकडे हा छंद करायचा तर वन्यजीव कायदा आडवा येतो, दगडी प्रवाळ वाघाच्या बरोबरीने पहिल्या अनुसूचीत आहेत. तिकडे दुकानात मिळतात.) २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी गावाकडे होतो आणि त्याचा जवळजवळ रोज व्हिडिओ कॉल यायचा. निमित्त आत्याच्या तब्येतीचं, पण पाच मिनिटांत कॅमेरा टाक्याकडे वळायचा. त्याच्या प्रवाळाच्या तुकड्याबरोबर काहीतरी आगंतुक आलं होतं. तपकिरी, पारदर्शक, माडाच्या झाडासारखं, बोटाच्या पेराएवढं. त्याने ते चिमट्याने ओरबाडून काढलं. दोन आठवड्यांनी तिथे पाच झाले.

तात्या माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, “आरं, ह्यो लव्हाळा हाय. वरनं कापला की खालनं चार निघत्यात.”

तो लव्हाळा नव्हता, एपटेशिया नावाचं समुद्रफूल होतं. पण तात्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. त्याच्या बुडाचा एवढासा तुकडा दगडाला राहिला तरी त्यातून नवं उगवतं. आतेभावाने मग ते खाणारी कोळंबी आणायचं ठरवलं. पेपरमिंट श्रिम्प म्हणतात तिला, लाल रेघांची. दुकानातून आणली ती तिच्यासारखीच दिसणारी दुसरी निघाली, पाठीला कुबड असलेली. ही समुद्रफुलाला तोंड लावत नाही, उलट प्रवाळच कुरतडते. म्हणजे कीड चुकीची ओळखली की नुकसान, आणि मित्र चुकीचा ओळखला की दुप्पट नुकसान. शिवाय रात्री दिवा बंद केल्यावर टाक्यात गुलाबी केसाळ अळ्या फिरताना दिसल्या म्हणून तो आठवडाभर चिमटा घेऊन जागत होता. त्या अळ्यांपैकी बहुतेक जाती उरलंसुरलं अन्न खाणाऱ्या, टाक्याच्या झाडूवाल्या. “मामा, दिसतात भयंकर हो,” असं तो तात्यांना म्हणाला तेव्हा तात्या हसले आणि दुसऱ्या दिवशी मला रानात घेऊन गेले.

त्यांनी एका पानावरचा किडा दाखवला. काळपट, खरखरीत, अंगावर नारिंगी ठिपके, चाल सुसरीसारखी. “ह्याला दहा वर्षं मारलंय मी,” ते म्हणाले. ती ढालकिड्याची अळी होती. मोठा झाल्यावर तोच गोल, लाल, काळ्या ठिपक्यांचा होतो आणि पोरं त्याला तळहातावर खेळवतात. अळीपणी आणि मोठेपणीही तो मावा खातो. मित्रकीड. पण मित्राचं बालपण इतकं कुरूप असेल हे तात्यांना कुणी सांगितलं नव्हतं. कृषी विज्ञान केंद्राच्या एका शिबिरात भित्तिपत्रकावर त्यांनी ते पाहिलं आणि तेव्हापासून मारणं थांबवलं.

हे सगळं चालू असताना त्याच एप्रिलच्या शेवटी आमच्या रानात फळं बिघडायला लागली.

फेब्रुवारीची लागण होती, एक एकर, साडेपाच हजारांच्या आसपास झाडं. पहिला तोडा चांगला निघाला. दुसऱ्यात काही फळं एका अंगाला लाल, मध्ये पिवळी आणि देठाकडे हिरवी अशी यायला लागली. कापलं तर आत गर कडक, पांढरट. आजूबाजूला सगळीकडून तेच ऐकू येऊ लागलं. जुन्नर, आंबेगाव, तिकडे संगमनेर, अकोले. तीन रंग म्हणून लोकांनी नाव ठेवलं ‘तिरंगा’. नाव आमच्या जुन्या पद्धतीप्रमाणे रूपावरूनच पडलं. पण काळ कोरोनाचा होता, त्यामुळे तिरंगाला लगेच ‘व्हायरस’ जोडला गेला. मग मे महिन्यात एका वृत्तवाहिनीवर टोमॅटोवरचा हा विषाणू कोरोनापेक्षाही घातक असल्यासारखी बातमी झळकली. ती क्लिप दोन दिवसांत प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर होती. वनस्पतीचा विषाणू माणसाला होत नाही हे कृषी खात्यातल्या लोकांनी आणि शास्त्रज्ञांनी सांगितलं, शेतकऱ्यांनी निषेध केला. पण खुलासा बातमीच्या पायांनी पळत नाही. ज्यांच्या रानात एकही फळ तिरंगी नव्हतं त्यांचाही भाव निम्म्याच्या खाली आला. मुंबईला गाडी पाठवणारा आमचा व्यापारी फोनवर म्हणाला, “लोक टोमॅटोला हात लावीनात, तात्या. मी काय करू?”

त्या पंधरा दिवसांत आमच्या ओट्यावर जी चर्चा चालायची ती मला अजून तपशिलात आठवते, कारण नावावरून पैसे कुणी भरायचे हे ठरणार होतं. एक मत उन्हाचं. मे महिन्यात पारा चढला की टोमॅटोत लाल रंग नीट तयार होत नाही, फळ पिवळट राहतं. हे खरंही आहे. तसं असेल तर दोष कुणाचाच नाही. दुसरं मत पालाशाच्या कमतरतेचं. त्यानेही फळ ठिगळाठिगळाने पिकतं. मग दोष तात्यांचा, खत कमी टाकलं. तिसरं मत पांढऱ्या माशीचं. चौथं, आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं, बियाण्याचं. बियाणं सदोष निघालं तर कंपनीकडे भरपाई मागता येते, पंचनामा होतो, मोर्चा निघतो. पाचवं खराखुरा विषाणू. मग भरपाई कुणाकडे मागायची? माव्याकडे?

दुकानातून आलेल्या चिठ्ठीत यावर पालाशाची फवारणी होती आणि एक ‘व्हायरसवरचं’ औषध होतं. दोन फवारण्यांचा खर्च मजुरीसकट पाच आकडी जात होता. एकदा विषाणू झाडात शिरल्यावर ते झाड बरं करणारं फवारणीचं औषध जगात नाही, एवढं मला वाचून माहीत होतं. पण हा विषाणूच आहे हे कुणाला माहीत होतं? तात्यांनी माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून विचारलं, “तुमच्या ह्याला फोटो दाखवला तर कळंल का?”

प्रश्न योग्य होता, आणि त्याचं उत्तर मी नोकरीच्या पहिल्या वर्षीच शोधून ठेवलेलं होतं. पानाच्या फोटोवरून रोग ओळखण्याच्या क्षेत्रात प्लांटव्हिलेज नावाचा एक प्रसिद्ध संग्रह आहे. २०१६ मध्ये त्यावर एक गाजलेला निबंध आला. ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग, आणि यंत्राची अचूकता ९९.३५ टक्के. हा आकडा नंतर शेकडो प्रोजेक्ट रिपोर्टांत, स्टार्टअपच्या सादरीकरणांत आणि बातम्यांत फिरला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गातही दोन गटांनी तोच प्रोजेक्ट केला होता. त्याच निबंधात थोडं पुढे आणखी एक आकडा आहे, तो कमी फिरला. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दाखवल्यावर अचूकता ३१ टक्क्यांच्या जरा वर आली. निबंध लिहिणाऱ्यांनी ते लपवलेलं नाही. वाचणाऱ्यांनी तिथपर्यंत वाचलं नाही.

याचं कारण फोटो पाहिल्यावर लगेच कळतं. संग्रहातलं प्रत्येक पान खुडून, कागदावर एकटं ठेवून टिपलेलं आहे. आमच्या रानातलं पान सुतळी, तार, मल्चिंगचा चंदेरी कागद, शेजारची चार पानं, औषधाचे डाग आणि तात्यांचा अंगठा यांच्यासकट फोटोत येतं. २०२२ मध्ये एकाने तर गंमतच केली. पान बघायचंच नाही, फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त आठ बिंदू घ्यायचे आणि त्यावरून रोग ओळखायला यंत्राला शिकवायचं. नुसत्या अंदाजाने तीन टक्केही बरोबर येऊ नयेत तिथे ४९ टक्के बरोबर आले. म्हणजे यंत्र बऱ्याच अंशी रोग ओळखत नव्हतं, फोटो कुठल्या गठ्ठ्यातला आहे ते ओळखत होतं.

आणि आमच्या प्रश्नापुरती याहून साधी अडचण होती. त्या संग्रहात सगळी पानं आहेत, फळ नाही. टोमॅटोचे दहा वर्ग आहेत, निरोगी धरून. त्यात टूटा नाही. तिरंगा असण्याचा प्रश्नच नव्हता. असं यंत्र कुठलाही फोटो दाखवला तरी आपल्याकडच्या वर्गांपैकी एक नाव सांगणारच, ‘मला माहीत नाही’ हा वर्ग त्याला दिलेलाच नसतो. मी तात्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, “मग दुकानदारात आन् त्याच्यात फरक काय?” फरक एवढाच की दुकानदार उधारी देतो.

तेव्हा आम्ही जे केलं ते फार जुन्या पद्धतीचं होतं. काकूंनी जुन्या साडीच्या चिंध्या फाडून दिल्या. तिरंगी फळ असलेल्या प्रत्येक झाडाच्या काठीला चिंधी बांधायची. दर दोन दिवसांनी नव्या झाडांना वेगळ्या रंगाची. मी ओळ आणि झाडाचा क्रमांक स्प्रेडशीटमध्ये भरत गेलो. आठ दिवसांत नकाशा उमटला. ऊन सगळ्या रानावर सारखं पडतं, खतही ठिबकमधून सगळ्या ओळींना तेच जातं. बियाणं सदोष असतं तर निदान सुरुवातीला आजारी झाडं रानभर विखुरलेली दिसली असती. आमच्या चिंध्या मात्र ओढ्याच्या बाजूला, जिथे बांधावर तण माजलं होतं, तिथे दाट होत्या आणि तिथून पुंजक्यापुंजक्याने आत सरकत होत्या. काहीतरी चालत किंवा उडत येत होतं.

मला त्या दिवसांत फ्रान्सच्या द्राक्षांची गोष्ट सारखी आठवायची. १८६० च्या दशकात तिकडे वेली मरायला लागल्या आणि कुणाला कारण सापडेना. मेलेली वेल उपटून बघावी तर मुळं कुजलेली, किडा एकही नाही. १८६८ च्या जुलैत प्लांशाँ नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ आणि त्याचे दोन सहकारी एका मळ्यात गेले आणि त्यांनी मेलेल्या वेलीशेजारची, वरून चांगली दिसणारी वेल उपटली. तिच्या मुळांवर पिवळ्या बारीक किड्यांचा थर होता. फायलोक्सेरा. वेल मरते तोवर किडा पुढच्या वेलीवर गेलेला असतो. आम्हीही मग चिंधीच्या पुढची, अजून चांगली दिसणारी झाडं बघायला लागलो. शेंड्याची कोवळी पानं उलटी करून भिंगाखाली. मावा होता. फार नाही, पण होता, आणि काही शेंड्यांची पानं दोरीसारखी बारीक व्हायला लागली होती.

नमुने वेगवेगळ्या रानांतून बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले होते. आमच्या रानातून नाही गेले, पण निकाल सगळ्यांचाच होता. मुख्य नाव निघालं कुकुंबर मोझॅक व्हायरस. काही नमुन्यांत त्याच्या जोडीला दुसरेही विषाणू होते. हा काही नवा राक्षस नव्हता. १९१६ मध्ये अमेरिकेत काकडीवर त्याचं पहिलं वर्णन झालं, म्हणून नावात काकडी. हजाराहून जास्त जातींच्या वनस्पतींवर तो जगतो, त्यात तणंही आली. मावा त्याला पसरवतो, आणि तेही असं की आजारी पानात सोंड खुपसली की काही सेकंदांत विषाणू सोंडेला लागतो आणि पुढच्या पानात तितक्याच झटपट उतरतो. औषधाने मावा मरेपर्यंत त्याचं काम झालेलं असतं. म्हणून मावा मारून हा आजार थांबत नाही. करायचं ते आधी करायचं: रोपं जाळीत वाढवायची, बांधावरचं तण काढायचं, रानाभोवती मक्याच्या चार-पाच ओळी लावायच्या म्हणजे येणारा मावा आधी त्यावर सोंड पुसून घेतो, आणि आजारी झाड दिसताच उपटायचं.

आम्ही ओढ्याच्या बाजूची सहाशेच्या वर झाडं उपटली. फळं लगडलेली. तात्यांनी स्वतः उपटली, गड्याला लावू दिली नाहीत. चिठ्ठीतल्या दोन्ही फवारण्या केल्या नाहीत. यामुळे रान वाचलं असं मी म्हणणार नाही. उरलेल्यातही तिरंगी फळं निघत राहिली, फक्त कमी वेगाने, आणि जे चांगलं निघालं त्याला त्या बातमीने भाव ठेवला नव्हता. लागवडीचा खर्चही सुटला नाही. सोसायटीचं कर्ज पुढे ढकललं, चुलतबहिणीचं लग्न एक वर्ष लांबलं. तसंही लॉकडाउनमध्ये ते होणार नव्हतं असं सगळे एकमेकांना सांगत राहिले. बियाण्याच्या भरपाईची आशा लावून बसलेले शेजारी निकालाने खट्टू झाले. त्यातल्या एकाने मला स्पष्टच विचारलं, “नाव सापडून काय मिळालं?” न झालेल्या फवारण्यांचे पैसे एवढंच उत्तर माझ्याकडे होतं, आणि पुढच्या लागणीला मक्याच्या ओळी.

गुन्हेगार ओळखायचा प्रश्न आमच्या तालुक्यात बिबट्यामुळे तर रोजचाच आहे. उसात हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी पिंजरा लागतो. पिंजऱ्यात बिबट्या सापडतो, लोकांचा जीव भांड्यात पडतो. पण सापडला तो तोच कशावरून? विशीपंचविशीतल्या मुलांना आठवणार नाही, पण शतकाच्या सुरुवातीला इथे बिबटे पकडून दुसरीकडे नेऊन सोडायची मोहीम चालली होती, आणि त्याच काळात माणसांवरचे हल्ले वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर अभ्यास करून २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांचा रोख असा की हलवण्यामुळेच संघर्ष वाढला. ज्याने कधी माणसाला हात लावला नव्हता असा बिबट्याही परक्या मुलखात सोडल्यावर काय करील सांगता येत नाही. माणिकडोहच्या केंद्रात अजून बिबटे पिंजऱ्यांत आहेत. ज्याच्या घरातलं मूल गेलं त्याला या अभ्यासाने समजवायला मी तरी जाणार नाही. तरी पिंजऱ्यातल्या प्रत्येक बिबट्याकडे बघताना मला दुकानातली तीन औषधांची चिठ्ठी आठवते.

आता तात्यांच्या खिशात दहापट मोठं दाखवणारं भिंग असतं, शंभर-दीडशे रुपयांचं. रानात पिवळे आणि निळे चिकट सापळे आहेत. पिवळ्यावर पांढरी माशी आणि मावा, निळ्यावर फुलकिडे. ते आठवड्याला मोजतात आणि वहीत लिहितात. मोजायला लागल्यापासून ‘लई किडा हाय’ हे वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. ते आकडा सांगतात. फवारण्या कमी झाल्यात, किती ते मी नक्की सांगू शकत नाही, कारण जुन्या फवारण्या कुणी लिहून ठेवल्याच नव्हत्या.

या हंगामात एक नवीन पाहुणा आला. हिरवा, सडपातळ, लांब पायांचा ढेकूण, चार मिलिमीटरही नसेल. त्यांनी फोटो पाठवला, हलका होता, दुसरा पाठवला, मग भिंग कॅमेऱ्यावर धरून तिसरा. मी तो एका कीटकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना दाखवला. नेसिडिओकोरिस टेन्युइस. हा पांढऱ्या माशीची पिल्लं आणि टूटाची अंडी खातो. भूमध्य समुद्राच्या काठच्या देशांत टोमॅटोच्या हरितगृहांत तो मुद्दाम सोडतात. पण खायला किडे कमी पडले की तोच टोमॅटोच्या कोवळ्या खोडातून रस शोषतो, खोडाभोवती तपकिरी कडं पडतं आणि शेंडा तिथून मोडतो. मग मित्रकीड की शत्रूकीड, असं मी बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, किती आहेत, पांढरी माशी किती आहे आणि कडी दिसतायत का, ते आधी सांगा.

मी तात्यांना हे जसंच्या तसं सांगितलं. थोडा वेळ फोनवर काहीच आवाज नाही. मग म्हणाले, “म्हंजी आमच्या भावकीसारखाच हाय की.”

परवापासून ते रोज सकाळी ठरलेली वीस झाडं बघतायत. काल सात ढेकूण होते, कडी दोन झाडांवर, पांढरी माशी अजून भरपूर. फवारणी केलेली नाही. नारायणगावात क्रेट तीनशे दहाला गेला.